बिअरचं किट : कोणतं घ्यावं, काय बदलावं?

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहायला आलो. इथल्या एका दुकानात घरी बिअर करण्याच्या किटची मोठी मांडणी आहे. एकीकडे १.७ किलोचे एकेकटे डबे. त्यांवर ‘१ किलो साखर घाला, २३ लिटर बिअर तयार’ असं लिहिलेलं. दुसरीकडे ३ किलोचे दोन डब्यांचे संच, त्यांना साखर लागत नाही, पण किंमत जवळजवळ दुप्पट. या डब्यांत नेमकं काय असतं? पहिल्या वेळी कोणता घ्यावा? आणि किटमध्ये स्वतःचे बदल करायचे तर सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : डब्यात काकवीसारखा दाट, तपकिरी पाक असतो. बार्ली भिजवून, मोड आणून, भट्टीत सुकवली की तिचं माल्ट होतं. ते भरडून साधारण ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवलं की दाण्यातली विकरं पिष्टाची साखर करतात. हा गोड रस हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळला की त्यात बिअरचा कडवटपणा उतरतो. कारखान्यात यानंतर रस थंड करून त्यात यीस्ट सोडतात. किट बनवणारे त्याऐवजी रसातलं पाणी कमी दाबाखाली, म्हणजे कमी तापमानाला, आटवतात आणि पाक डब्यात भरतात. इंग्लंडच्या सफोकमधली मंटन्स आणि ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची, १८६२ पासून बिअर करणारी कूपर्स ही या व्यवसायातली जुनी नावं आहेत.

म्हणजे रस काढणं आणि तो कडू करणं ही दोन्ही कामं आधीच झालेली आहेत. तुमच्या हाती उरतं ते आंबवणं, आणि बिअरची चव फार मोठ्या प्रमाणात तिथेच ठरते. म्हणून किट निवडताना आणि बदलताना आधी यीस्टचा विचार करा : त्याला खायला काय मिळणार, ते किती जोमदार आहे आणि त्याला किती उबेत राहावं लागणार. सुगंधी हॉप्स, मसाले, गूळ यांची पाळी त्यानंतर येते. बहुतेक नवखे नेमकं उलट करतात. भारी लेबलाचा डबा आणतात, त्यात चार गोष्टी घालतात, आंबवण्याची बादली मात्र हीटरजवळ ठेवतात.

साखर की माल्ट? एका डब्याचं किट स्वस्त पडतं, कारण यीस्टच्या अन्नातला मोठा वाटा तुम्ही साखरेच्या रूपात घालता. यीस्ट साखर पूर्ण फस्त करतं. तिच्यातून मद्यार्क मिळतो, पण मागे चव किंवा भरीवपणा काहीच राहत नाही. माल्टच्या पाकातला साधारण चौथा हिस्सा यीस्टला पचत नाही आणि तोच बिअरला जिभेवर अंग देतो. साखर घालून केलेली किटची बिअर पाणचट लागते ती यामुळे. ३ किलोच्या संचात सगळं माल्टच असल्याने त्याची बिअर भरदार होते. दुप्पट किंमत द्यायची ती या जास्तीच्या माल्टसाठी.

तुम्हाला बदल करून पाहायचे आहेत, तेव्हा एका डब्याचं साधं किट घ्या. मात्र साखरेची पिशवी बाजूला ठेवून १ किलो फिकट माल्ट पावडर आणा. दुकानात ती ‘स्प्रेमाल्ट’ या नावाने मिळते. शिवाय २३ ऐवजी २० लिटरच करा. तीन लिटरवर पाणी सोडलंत की चवीत सरळ फरक पडतो. काहीही न बदलता पहिली बिअर नीट उतरलेली पाहायची असेल, तर दोन डब्यांचा संच घेणंही तितकंच योग्य आहे.

कोणता प्रकार? पहिल्या वेळी बिटर, पेल एल किंवा स्टाउट घ्या. स्टाउटमध्ये भाजलेल्या माल्टची चव ठसठशीत असते, त्यामुळे बारीकसारीक चुका झाकल्या जातात. लागर टाळा. लागरचं खरं यीस्ट १० ते १४ अंशांत सावकाश काम करतं आणि नंतर बिअरला कित्येक आठवडे थंडीत मुरावं लागतं. लागर म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक किटमध्ये झाकणाखाली एलचंच, म्हणजे जास्त उबेत काम करणारं, यीस्ट असतं. त्यातून बिअर चांगली होईल, पण ज्या स्वच्छ, कोरड्या चवीच्या आशेने तुम्ही डबा उचललात ती मिळणार नाही.

डबा घेताना तारीख बघाच. पाक जुना झाला की गडद होतो आणि त्याला शिळी, करपट झाक येते. गोदामात उकडलेल्या डब्याबरोबर झाकणाखालची यीस्टची पुडीही तेवढीच उकडलेली असते. महागडा पण जुना डबा आणि साधा पण ताजा डबा यांत निवडायचं असेल, तर ताजा घ्या.

यीस्ट आणि ऊब. किटबरोबरच्या पुडीत साधारण ६ ते ७ ग्रॅम यीस्ट असतं. २० लिटरला ते जेमतेम पुरतं. वेगळं घेतलेलं ११ ग्रॅमचं पाकीट हा सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात मोठा फरक घडवणारा बदल आहे. सफाले यूएस-०५ स्वच्छ चव देतं, त्यामुळे हॉप्सचा वास उठून दिसतो. सफाले एस-०४ इंग्लिश वळणाचं आहे. ते किंचित फळाचा गंध देतं आणि तळाशी घट्ट बसतं, त्यामुळे बिअर लवकर नितळते.

बादलीतलं तापमान १८ ते २० अंश ठेवा. आंबताना रस स्वतःच दोन-चार अंशांनी तापतो, म्हणून खोलीचं तापमान पाहून भागत नाही. बादलीवर चिकटवायची तापमानपट्टी अगदी थोड्या पैशांत मिळते. २४-२५ अंशांच्या वर गेलं की यीस्ट उग्र मद्यार्क आणि नको इतका फळांचा वास तयार करतं. उलट इंग्लंडच्या हिवाळ्यात रात्री हीटिंग बंद झालं की यीस्ट मध्येच झोपतं आणि आंबणं अर्धवट राहतं. घरात जिथे दिवसरात्र फारसा फरक पडत नाही अशी जागा शोधा. जिन्याखालचं कपाट बहुधा चांगलं असतं. उन्हाळ्यात बादलीभोवती ओला टॉवेल गुंडाळा, हिवाळ्यात बादलीला बांधायचा गरम पट्टा वापरा.

प्रत्यक्ष करताना. बिअरला लागणारी प्रत्येक वस्तू आधी धुवा, मग निर्जंतुक करा. धुण्याने मळ जातो, जंतू जात नाहीत. डबा पंधरा मिनिटं गरम पाण्यात ठेवा, म्हणजे पाक सैल होतो. तो बादलीत ओतला की डब्याच्या कडांना बोटभर थर चिकटून राहतो. त्यात गरम पाणी घालून, ढवळून, तोही बादलीत घ्या. माल्ट पावडर गरम पाण्यात विरघळवा. वाफ लागली तर ती दगडासारखी घट्ट होते, म्हणून पाकीट कोरडं ठेवा आणि एकदमच ओता. उरलेलं गार पाणी घालून २० लिटर करा. जोरात ढवळून हवा मिसळू द्या, कारण सुरुवातीला यीस्टला प्राणवायू लागतो. रस २० अंशांपर्यंत उतरल्यावरच यीस्ट टाका.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचाही बंदोबस्त करा. माल्टमधल्या द्रव्यांशी त्याचा संयोग झाला की बिअरला दवाखान्यातल्या औषधाचा वास येतो आणि तो काही केल्या जात नाही. त्यावर सल्फाइटची कॅम्पडेन गोळी मिळते. सगळ्या पाण्याला अर्धी गोळी चुरून घातली की काम होतं.

दुसऱ्या दिवशी रसावर जाड, मळकट पांढरा फेस चढतो, त्यावर हॉप्सचे तपकिरी डाग दिसतात आणि झाकणावरच्या एअरलॉकमधून बुडबुडे निघू लागतात. हे सगळं ठीक चालल्याचं लक्षण. चार-पाच दिवसांत फेस खाली बसतो आणि बुडबुडे थांबतात. तेव्हा बिअर झाली असं समजू नका. किटच्या कागदावर आठवडा लिहिलेला असला तरी बादलीला दोन आठवडे द्या. आंबताना तयार झालेली नकोशी द्रव्यं, त्यांतली एक लोण्यासारख्या वासाची, यीस्ट या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा शोषून घेतं. हा आठवडा फुकट मिळतो आणि कुठल्याही महागड्या किटपेक्षा जास्त देतो.

प्रश्न : माझी दोन किट नीट जमली. आता हॉप्स घालायचे आहेत. शिवाय घरात धणे, आलं आणि गूळ आहेच. यांतलं काय चालतं आणि किती?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : किटमध्ये कडवटपणा पुरेसा असतो. कमी असतो तो सुगंध, कारण हॉप्समधली सुगंधी तेलं उकळताना आणि आटवताना उडून जातात. म्हणून हॉप्स शेवटी घाला. आंबणं संपत आलं की ४०-५० ग्रॅम हॉप्सच्या गोळ्या थेट बादलीत टाका आणि तीन-चार दिवसांनी बिअर बाटल्यांत भरा. त्याहून जास्त ठेवल्या तर गवताची चव उतरते. कॅस्केडला मोसंबी-पपनसाच्या सालीचा वास येतो, तर सिट्रा आंब्याकडे आणि लिचीकडे झुकतो. ईस्ट केंट गोल्डिंग्जमध्ये मातीचा, मधाचा सौम्य गंध असतो आणि तो इंग्लिश बिटरला शोभतो.

एक ध्यानात ठेवा. साखरेऐवजी माल्ट पावडर घातली की बिअर भरदार होते, पण कडवटपणा तेवढाच राहतो, म्हणून ती गोडसर वाटू शकते. शेवटी घातलेले हॉप्स ही उणीव भरून काढत नाहीत, कारण हॉप्समधला कडवटपणा उकळल्यावरच उतरतो. दोन-तीन लिटर पाण्यात थोडी माल्ट पावडर घालून त्यात १५-२० ग्रॅम हॉप्स वीस मिनिटं उकळा आणि गाळून बादलीत घाला. किटचा पाक मात्र उकळू नका. उकळलात तर त्यात उरलेला थोडाफार सुगंधही निघून जाईल.

रंग आणि बिस्किट-कॅरॅमलची चव हवी असेल, तर २५० ग्रॅम भरडलेलं क्रिस्टल माल्ट कापडी पिशवीत बांधून दोन लिटर पाण्यात ६५ ते ७० अंशांना अर्धा तास ठेवा. पिशवी पिळू नका, नाहीतर टरफलांचा तुरटपणा उतरतो. ते पाणी दहा मिनिटं उकळून बादलीत घाला. ताज्या धान्याची जी चव डब्यातल्या पाकात नसते, ती एवढ्याशा खटपटीने येते.

धण्यांना तर बिअरमध्ये मानाचं स्थान आहे. बेल्जियमच्या हूगार्डन गावची गव्हाची पांढरी बिअर धणे आणि संत्र्याची साल घालूनच करतात. तिथला शेवटचा कारखाना बंद पडल्यावर पिअर सेलिस यांनी १९६०च्या दशकात ती पुन्हा सुरू केली. गव्हाच्या बिअरचं किट आणा. १० ते १५ ग्रॅम धणे न भाजता जाडसर कुटा, एका संत्र्याची साल पांढरा भाग टाळून किसा आणि दोन्ही पाच मिनिटं उकळून घाला. धणे भाजले की त्यांचा लिंबाकडे झुकणारा वास जातो आणि बिअरला आमटीचा वास येतो.

आलं १५-२० ग्रॅम पुरे. गूळ गडद बिअरमध्येच चांगला, स्टाउटला २०० ते ३०० ग्रॅम. त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, त्यामुळे बिअर गोड होत नाही. उरतो तो गुळाचा खमंगपणा आणि किंचित खारटपणा. गूळ पाण्यात उकळून, गाळून घ्या. त्यात चिपाडं आणि खडे असतात.

हे सगळं एकाच बादलीत घालू नका. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत नोंद ठेवा : डब्याचं नाव, तारीख, यीस्ट, तापमान, रसाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचे आंबण्याआधीचे व नंतरचे आकडे आणि चव. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिअर अप्रतिम झाली, तरी ती कशामुळे झाली ते कळणार नाही आणि पुन्हा तशी करता येणार नाही.

प्रश्न : घरी केलेली दारू विषारी होऊ शकते का? आणि बाटल्या फुटतात असं ऐकलं, ते खरं का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : विषारी दारूच्या बातम्या वाचलेल्या माणसाला ही भीती वाटणारच. त्या बातम्यांतले बळी बहुतांशी दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळल्याने जातात. माल्ट आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असतं. मद्यार्क, हॉप्स आणि आम्लता यांमुळे तिच्यात रोगजंतूही सहसा तग धरत नाहीत. बिघडलेली बिअर आंबट लागते, तेव्हा ती फेकून द्या. मात्र ऊर्ध्वपातनाच्या, म्हणजे भट्टी लावण्याच्या, वाटेला जाऊ नका. ते धोक्याचं आहे आणि ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय बेकायदाही आहे.

बाटल्या फुटतात हे मात्र खरं आहे आणि काचेचे तुकडे जिवावर बेतू शकतात. आंबणं अपुरं असताना बिअर भरली की उरलेली साखर बाटलीतच आंबते आणि दाब वाढत जातो. बुडबुडे थांबले की नाही यावर भरवसा नको, हायड्रोमीटर घ्या. आंबण्याआधी तो १.०४६ दाखवत असेल तर शेवटी साधारण १.०११ च्या आसपास यायला हवा, आणि सलग दोन-तीन दिवस तोच आकडा दिसला पाहिजे. याच दोन आकड्यांच्या फरकाला १३१ ने गुणलं की मद्यार्काचं प्रमाण मिळतं. इथे ते ४.६ टक्के येतं. आपण काय पितोय आणि पाहुण्याला काय देतोय हे कळण्याचा तुमच्याकडे दुसरा मार्ग नाही.

बाटलीत फेस धरण्यासाठी अर्ध्या लिटरला २ ते २.५ ग्रॅम साखर पुरते, म्हणजे चहाचा सपाट अर्धा चमचा. अंदाजाने घालू नका. सुरुवातीला जाड प्लास्टिकच्या तपकिरी बाटल्या वापरा. त्या दाबल्यावर टणक लागल्या की वायू भरल्याचं कळतं आणि फुटल्या तरी काचेचे तुकडे उडत नाहीत. उजेडाने हॉप्सची द्रव्यं बिघडून बिअरला घाणेरडा वास येतो, म्हणून रंग तपकिरीच हवा. दोन आठवडे उबेत आणि दोन आठवडे गारव्यात ठेवून मग उघडा. लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशाच जागी त्या ठेवा.

प्रश्न : पुण्यात असं किट मागवून घरी बिअर केली तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही आणि घरापुरती बिअर करणाऱ्याला त्यातून सूट नाही. गोव्यातही मद्यनिर्मितीला परवाना लागतो. विकत नाही, स्वतःच पितो, हा बचाव चालणार नाही.

ज्या देशांत आज मुभा आहे तिथेही ती आयती आलेली नाही. ब्रिटनमध्ये १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी घरी बिअर करणाऱ्यांनाही परवाना लावला. तो १९६३ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकला आणि त्यानंतरच किटचा बाजार उभा राहिला. अमेरिकेत १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने केंद्राची परवानगी मिळाली : एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २००. दोन्ही देशांत विक्रीला मात्र बंदीच आहे. तुमच्यासाठी दुसरी वाट आहे : पुण्यात २००९ मध्ये डूलॅली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे छोटा बिअर कारखाना, सुरू झाली आणि आज शहरात अनेक परवानाधारक मायक्रोब्रुअरी आहेत. तिथे गर्दी नसताना जा, बिअर करणाऱ्याला माल्ट आणि हॉप्स दाखवायला सांगा, एकाच वेळी तीन-चार प्रकार थोडे थोडे चाखा. चवीची जाण तिथेही कमावता येते.

प्रश्न : माझा मित्र धान्यापासून सगळं स्वतः करतो. तो म्हणतो, किटची बिअर ही खरी बिअर नव्हेच. तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : तुमच्या मित्राच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. धान्य स्वतः भिजवणाऱ्याला रसाची चव घडवण्याचं जे स्वातंत्र्य मिळतं ते किटवाल्याला नाही, हे मान्यच करायला हवं. पण माणूस करतो तो रस. त्याची बिअर यीस्टच करतं, मग रस धान्यातून आलेला असो की डब्यातून. धान्यापासून आठ तास राबून काढलेला रस २८ अंशांत आंबवला तर बिअर उग्रच होणार, आणि ताज्या डब्याचा रस जोमदार यीस्ट घालून १९ अंशांत दोन आठवडे सांभाळला तर ती मित्रापुढे मानाने ठेवता येईल. किट करणाऱ्याने आपलं काम कमी दर्जाचं मानू नये. स्वच्छता, ऊब, वेळ आणि मोजमाप या चार गोष्टी किटवर शिकलेला माणूस पुढे धान्याकडे वळला तर पहिल्या दिवसापासून चांगली बिअर करतो. नाही वळला तरी त्याचं काही अडत नाही. पुढच्या वेळी दोघांनी आपापल्या बाटल्या आणा, लेबलं झाका, एकमेकांच्या चाखा आणि मग दोघांनी वह्या उघडून तापमानाचे आकडे ताडून पाहा. वाद तिथेच मिटेल.